कार्पेटवरचा सायकल ट्रेनर: सहा महिन्यांनंतर

ट्रेनर म्हणजे सायकल घरात जागच्या जागी चालवता यावी म्हणून तिला जोडायचं यंत्र. माझा कुठल्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा त्रास ट्रेनरचा नव्हताच, त्याच्या खालचा होता. इंग्लंडात रेडिंगला भाड्याचा फ्लॅट, वरचा मजला, स्वयंपाकघर आणि बाथरूम सोडलं तर भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट. डिसेंबरात इथे चारच्या सुमारास अंधार पडतो, म्हणून ऑक्टोबरातच डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर घेतला. मागचं चाक काढायचं आणि सायकल थेट ट्रेनरच्या कॅसेटवर, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांवर, चढवायची. वजन १८ किलो. एवढं जड धूड हलणार कसं, असं वाटलं होतं.

हललं. बसून चालवताना कळायचं नाही, पण ॲपवरच्या आभासी चढाला पेडलवर उभा राहिलो की सगळं डावीकडे कलायचं आणि कललेलंच राहायचं. पुण्याच्या घरी लोखंडी कपाट डुगडुगायला लागलं की पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवायची, तोच उपाय केला. दोन दिवसांत पुठ्ठा चेपला. कपाटावर बसून कोणी पेडल मारत नाही, हे लक्षात यायला हवं होतं.

मग ट्रेनरची मॅट आणली. घामासाठी उत्तम, डुगडुगीसाठी शून्य. मऊवर आणखी मऊ.

शेवटी कार्पेटचा कोपरा उचकटून पाहिला (घरमालकाला सांगू नका), तेव्हा उलगडा झाला. भिंतीलगत बारीक खिळ्यांची लाकडी पट्टी असते, कार्पेट तिच्यावर ताणून अडकवलेलं असतं. पट्टीच्या अलीकडे कार्पेटखाली फोमचा अंडरले, माझ्याकडे साधारण १० मिमी. जागा वाचवायला मी ट्रेनर भिंतीला खेटून ठेवला होता. म्हणजे ट्रेनरचा उजवा पाय पट्टीवर, कडक; डावा फोमवर. स्क्रूचे पाय फिरवून लेव्हल करावं, तर चार राइडमध्ये डावा आणखी खाली. काही लोक ट्रेनर मुद्दाम हलणाऱ्या रॉकर प्लेटवर बसवतात, पण ती दोन्हीकडे सारखी झुकून मध्यावर परत येते. माझा ट्रेनर नुसताच एका बाजूला बसत होता.

इलाज निघाला प्लायवूडचा. १८ मिमीचा तुकडा, पण पहिल्यांदा मापात चुकलो. फक्त ट्रेनरपुरता आणला, पुढचं चाक कार्पेटवरच. सायकल नाकावर वाकली आणि अर्ध्या तासात तळहात बधिर. दुसरा तुकडा १६० × ८० सेंमीचा कापून घेतला, म्हणजे ट्रेनर आणि पुढचं चाक एकाच फळीवर. चौदाएक किलो भरतो. जिन्यातून वर चढवताना बायकोने मदत केली आणि त्याबद्दल अजून ऐकवते. कडा पॉलिशपेपरने घासल्या, व्हार्निशचे दोन हात दिले, कारण कच्चं प्लाय घाम पिऊन फुगतं. खडबडीत बाजू खाली. कार्पेटची लव तिला अशी धरते की फळी एवढीशीही सरकलेली नाही.

फळी टाकल्या दिवशीच पाणसळ लावून खूश होऊ नका. पहिले दोन आठवडे अंडरले बसत जातो. मी दर तीन-चार राइडनंतर फळीवर आडवी पाणसळ ठेवून बुडबुडा बघायचो आणि पाय थोडे फिरवायचो. तिसऱ्या आठवड्यापासून हात लावावा लागलेला नाही. झ्विफ्ट या घरबसल्या सायकलिंगच्या ॲपवर आल्प दु झ्विफ्ट नावाचा घाट आहे. त्याची २१ वळणं, १२ किमीत हजारेक मीटरचा चढ, मी आता निम्मी उभ्यानेच काढतो.

आवाजाचं वेगळं. कार्पेटमुळे चेनचा खडखडाट कमी होतो, पण घरघर मजल्याच्या लाकडी जमिनीतून खाली जातेच. सोयीचं म्हणून फळी खोलीच्या मधोमध आणली होती. खालच्या आजोबांनी अतिशय सभ्यपणे विचारलं, वॉशिंग मशीन बिघडलंय का? मग ती पुन्हा भिंतीकडे नेली, पण कडेच्या पट्टीपासून वीतभर आत. मधोमध जमीन जास्त लवते, भिंतीजवळ कमी. आजोबा म्हणतात आता ऐकू येत नाही. तरी रात्री नऊनंतर चालवत नाही.

बारीकसारीक: कार्पेटचे धागे तेलकट चेनला चिकटतात, त्यामुळे चेन बाहेरच्यापेक्षा लवकर काळी पडते. तेल घालताना खाली वर्तमानपत्र हवंच. मी एकदा विसरलो. त्या थेंबाला पाणी लावू नका, पसरतो. बेबी पावडर टाकून रात्रभर ठेवा, मग भांड्याच्या साबणाने टिपा. महिन्यातून एकदा फळी उभी करून खालचं कार्पेट वाळू द्या, नाहीतर कुबट वास येतो. आणि पंखा मोठा घ्या. जागच्या जागी वारा लागत नाही. आई इथे आली होती तेव्हा माझ्याखालचं थारोळं बघून म्हणाली, "अरे, एवढा घाम गाळतोस, पोचतोस कुठे?"

एप्रिलमध्ये घर सोडतोय, म्हणून काल फळी उचलली. आधीचे ट्रेनरच्या पायांचे खड्डे तसेच होते. त्यांत बर्फाचे खडे ठेवले, वितळल्यावर लव बोटांनी उभी केली, आणि खरंच वर आली. फक्त फळीखालचा चौकोन बाकीच्या कार्पेटपेक्षा एक छटा नवा दिसतोय. एजंट गुरुवारी पाहणीला येतोय. तोवर तिथे सोफा सरकवून ठेवलाय.