भाड्याच्या रूमवर थंडी: ब्लोअर घ्यायचा, ऑइल हीटर की नुसती गरम पाण्याची पिशवी?

थंडी पडली की रूमवर पहिला वाद हाच, हीटर कुठला आणायचा, आणि शेवटी कोणीतरी जाऊन सगळ्यात स्वस्त ब्लोअर उचलून आणतो कारण बिल महिन्यानंतर येणार असतं. मी पण तेच केलेलं. तेव्हा एक गोष्ट माहीत असती तर बरं झालं असतं, ती म्हणजे विजेवर तापणारा साधा हीटर, ब्लोअर असो, ऑइलचा असो नाहीतर रॉडवाला, एका युनिटला सारखीच उष्णता देतो, खोक्यावर वीज वाचवतो म्हणून कितीही मोठं छापलेलं असू दे. फरक एवढाच की ती उष्णता जाते कुठे, तुमच्या अंगाला की छताला.

ब्लोअर साधारण 2000 वॅटचा असतो, म्हणजे तासाला 2 युनिट. रोज संध्याकाळी 3 तास सलग चालवला तर महिन्याला 180 युनिट झाले, आणि बंद केला की पाच-दहा मिनिटांत रूम परत होती तशी. आवाज करतो ते वेगळंच. पण सकाळी उठून आवरायला दहा मिनिटं लावायचा असेल तर तो मस्त आहे, लगेच गरम वाटतं. ऑइल हीटर (आत बंद केलेलं तेल, ते विजेने तापतं) उलटा. तापायलाच पंधरा-वीस मिनिटं घेतो, तेवढ्यात रूममेट दोनदा विचारतो की चालू आहे ना रे, पण एकदा तापला की बंद केल्यावरही बराच वेळ ऊब देतो, आवाज नाही, आणि थर्मोस्टॅट असेल तर रूम हवी तेवढी तापली की आपोआप बंद होतो. दार लावून रात्री तीन-चार तास एकाच रूममध्ये अभ्यास करत असाल तर हा घ्या. रॉडवाला लाल हीटर हवा न तापवता समोर बसलेल्या माणसाला तापवतो, त्यामुळे मोठ्या आणि गळक्या हॉलमध्ये एकटे बसत असाल तर 400-800 वॅटमध्ये काम भागतं, फक्त पडदा, पांघरूण, वाळत घातलेले कपडे यांच्या जवळ तो नको म्हणजे नको, आणि तो चालू ठेवून झोपायचं तर अजिबात नाही.

आता खरी गंमत. रूम तापवण्यापेक्षा माणूस तापवणं कितीतरी स्वस्त पडतं. अंगाखाली घालायचं इलेक्ट्रिक ब्लँकेट 100 वॅटचं धरा, रात्रभर म्हणजे 8 तास फुल ठेवलं तरी 0.8 युनिट, म्हणजे ब्लोअरची जेमतेम 25 मिनिटं! आणि रात्रभर ठेवायची गरजच नसते, झोपायच्या आधी अर्धा तास लावून गादी गरम केली की पुरतं. गरम पाण्याची पिशवी त्याहून स्वस्त, दीड लिटर पाणी तापवायला 0.1 युनिटच्या आसपास लागतं. उकळतं पाणी ओतू नका, थोडं निवू द्या, पिशवीला कव्हर घाला, आणि रबराला चिरा दिसल्या तर सरळ फेकून द्या. ब्लँकेट आणि पिशवी एकत्र मात्र वापरायची नाही, पाणी गळलं तर अंथरुणातच करंट. मी आता टेबलाखाली पायाशी पिशवी, मांडीवर गोधडी आणि अंगात दोन स्वेटर असा बसतो, दिसायला विनोदी आहे पण चालतं.

घरमालकाने हीटिंगवाला इन्व्हर्टर एसी बसवलेला असेल तर मात्र हिशोबच बदलतो, कारण तो बाहेरची उष्णता आत ओढतो, साधारण एका युनिटात तीन युनिटांची ऊब मिळते. अशा घरात वेगळा हीटर घेऊ नका. सेंट्रल हीटिंग, म्हणजे सगळं घर एकाच ठिकाणाहून तापवणारी सोय असेल तर रेडिएटरसमोरून (भिंतीला लावलेल्या गरम पॅनेलसमोरून) पलंग सरकवा आणि रिकाम्या खोलीचा व्हॉल्व्ह कमी करा. थर्मोस्टॅट 28 वर नेल्याने घर लवकर तापत नाही, फक्त जास्त वेळ तापत राहतं. आणि दिवसभर कमी आचेवर चालू ठेवलं की स्वस्त पडतं हे पण खोटं, तुम्ही कॉलेजला आणि घर तुमच्या पैशाने बाहेरची हवा तापवतंय. तरी अति काटकसर नको, जागतिक आरोग्य संघटना थंड हवामानात घरात किमान 18 अंश सांगते.

हीटर घेण्याआधी दाराखालची फट बघा. जुन्या टॉवेलची वळकटी आणि जाड पडदे, खर्च जवळपास शून्य. गॅसवर चालणारं काही असेल तर मात्र हवा येण्या-जाण्याची जाळी बुजवू नका, आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नाही, त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कपडे रूममध्ये वाळवलेत तर भिंतीला बुरशी येते आणि मग डिपॉझिटवरून भांडण, म्हणून रोज दहा मिनिटं खिडकी उघडाच, थंडी वाजली तरी.

विकत घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघून घ्या. बिल भाड्यातच धरलंय का, आणि धरलं असेल तर किती युनिटपर्यंत, कारण वरचे पैसे तुमच्याच बोडक्यावर येतात. दुसरं, करारात हीटरला बंदी आहे का. वायरिंग जुनं असेल तर 2000 वॅटचा हीटर भिंतीतल्या मोठ्या पॉवर सॉकेटलाच लावा, मल्टीप्लगला नाही, आमच्या एका रूमवर बोर्ड वितळला होता आणि दोन दिवस सगळे अंधारात बसलो होतो.

मला कोणी विचारलं तर सांगेन, एकटे असाल तर झोपताना ब्लँकेट आणि बसताना पिशवी, तिघं एका रूममध्ये बसत असाल तर वर्गणी काढून थर्मोस्टॅटवाला ऑइल हीटर. आणि राहायला जाल त्याच दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवा, नाहीतर आधीच्या भाडेकरूचे युनिट पण आपल्याच नावावर लागतात.