लेयर मॅशच्या नावाखाली तूस आणि वाळू विकली

मनोरी-गोराईत किंवा आरेच्या पाड्यांत परसात कोंबड्या पाळत असाल तर हे जरूर वाचा.

मालाडच्या एका दुकानदाराकडून मी लेयर मॅश, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं दळलेलं खाद्य, घ्यायचे. पोतं नावाजलेल्या कंपनीचं, भाव बाजारापेक्षा जरा कमी. "ताई, मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना हाच माल जातो," असं तो छातीठोकपणे सांगायचा. आम्ही पोती मार्वेच्या धक्क्यावरून बोटीने आणतो. इतक्या लांबून कुणी परत करायला येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग अंडी बिघडायला लागली. आधी कवच पातळ झालं, उचलताच तडकायचं. पुढे काही अंडी नुसत्या पापुद्र्याची यायला लागली. कोंबड्या फुटकी अंडी खाऊ लागल्या. अंड्यावरची एक चांगली कोंबडी पायातला जोर जाऊन बसली ती उठलीच नाही. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "पावसात असंच होतं, माल एक नंबर आहे."

शेजारच्या मावशींनी मूठभर खाद्य पाण्याच्या टोपात टाकलं. वर तरंगलं ते पिवळट, टोचणारं, भाताचं दळलेलं तूस. तळाशी करकरीत भुकटी बसली. लेयरच्या खाद्यात चुनखडी असतेच, म्हणून ती भुकटी वेगळी काढून तिच्यावर व्हिनेगर ओतलं. चुनखडी असती तर फेस आला असता. तुरळक बुडबुडे आले आणि थांबले. बाकी सगळी वाळू! नंतर पोत्याचं तोंड नीट पाहिलं. मशीनच्या जुन्या शिवणीची भोकं तशीच होती आणि शेजारून सुतळीने हाताने टाके घातलेले. लेबल नाही, तारीख नाही. म्हणजे रिकाम्या पोत्यात भलताच माल भरलेला.

अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाद्य लागतं. त्यात 16 ते 18 टक्के प्रथिनं आणि 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम हवं. एका अंड्याच्या कवचातच सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. खाद्यातून ते मिळालं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते आणि शेवटी पायावर उभी राहू शकत नाही. किडे आणि हिरवा पाला खाऊन ही तूट भरत नाही. म्हणून "फिरणाऱ्या कोंबड्यांना काहीही चालतं" असं सांगणाऱ्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. बिचारं जनावर बोलत नाही, याचाच हे लोक फायदा घेतात.

आता मी पोतं दुकानातच उघडायला लावते. कुबट वास आला किंवा गुठळ्या दिसल्या तर घेत नाही. दमट हवेत मक्याला आणि शेंगदाणा पेंडीला बुरशी धरते आणि तिचं विष कोंबडीच्या यकृतावर जातं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवते, ज्या कोंबडीला हवा ती खाते. पिल्लांना मात्र लेयर मॅश घालू नका, जास्तीच्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं खराब होतात.

माझे पैसे परत मिळाले नाहीत, कारण दुकानदाराने कधी पक्कं बिल दिलंच नव्हतं. तुम्ही बिल घ्या, त्यावर बॅच नंबर लिहून घ्या. खोटा माल निघाला तर पोतं फेकू नका, फोटो काढून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार करा.