सेमिस्टर तिकीट: जर्मनीत नवे सत्र सुरू करताना सर्वांत जास्त उपयोगी पडणारी सेवा

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचे शुल्क नसते. तरीही दर सत्राच्या आधी एक सत्रशुल्क भरावे लागते. जिथे देशभर चालणारे सेमिस्टर तिकीट, म्हणजे विद्यार्थ्यांचा सत्रभराचा प्रवास पास, त्यात समाविष्ट असते, तिथे त्या रकमेचा मोठा हिस्सा प्रवासाचाच असतो. २०२५-२६ च्या हिवाळी सत्रासाठी हा हिस्सा महिन्याला ३४.८० युरो, म्हणजे सहा महिन्यांचे २०८.८० युरो होता. एकरकमी भरताना ही रक्कम जड वाटते, विशेषतः रुपयांत हिशेब करण्याची सवय अजून सुटलेली नसताना. मात्र डॉर्टमुंडमध्ये शिकताना हे तिकीट रोज वापरल्यानंतर, नव्या सत्रात पाय रोवण्यासाठी याहून उपयोगी दुसरे काही विकत मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

विद्यार्थ्यांच्या पासाची जर्मनीतली परंपरा जुनी आहे. १९९१ मध्ये डार्मश्टाट येथे पहिले सेमिस्टर तिकीट सुरू झाले आणि पुढे ते शहरोशहरी पसरले. ते वापरा किंवा वापरू नका, पैसे सर्वांनी भरायचे आणि म्हणूनच ते सर्वांना स्वस्त पडायचे, हे त्यामागचे तत्त्व होते. या सक्तीला २००० मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानेही मान्यता दिली. मे २०२३ मध्ये सर्वांसाठी महिन्याला ४९ युरोंचे, देशभर चालणारे डॉइचलांड-तिकीट आले आणि २०२४ च्या उन्हाळी सत्रापासून विद्यापीठांना ते मूळ किमतीच्या साठ टक्क्यांत घेता येऊ लागले. मुंबईच्या लोकलचा पास दोन ठरावीक स्थानकांपुरता असतो. हे तिकीट मात्र देशभरातील प्रादेशिक रेल्वे, एस-बान (उपनगरी रेल्वे), भुयारी रेल्वे, ट्राम आणि शहर बस या सर्वांवर चालते. विद्यापीठाच्या दारातच राहणाऱ्याला ही सक्ती अन्यायाची वाटू शकते आणि त्याचे म्हणणे मला समजते. तरीही ज्याला स्वस्त खोलीसाठी दूर राहावे लागते त्याचा भार सर्वांनी मिळून उचलावा, हे मला योग्यच वाटते.

तिकिटाचा खरा लाभ कळतो तो खोली शोधताना. आपल्याकडची मुले शनिवार-रविवारच्या सहलींमुळे या तिकिटाचे कौतुक करतात. माझ्या मते ते कौतुक फार अपुरे आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विद्यार्थी वसतिगृहांच्या प्रतीक्षायाद्या लांबलेल्या असतात आणि विद्यापीठालगतच्या खोल्यांसाठी एकाच वेळी अनेक जण अर्ज करत असतात. व्हिसासाठीच्या ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे आधी पैसे भरून ठेवलेल्या आणि दरमहा ठरावीक रक्कमच देणाऱ्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो हाती येतात आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा घरभाडे खाते. अशा वेळी तिकिटावर महिन्याकाठी जेमतेम साडेतीन टक्के खर्च करून डॉर्टमुंडसोबत शेजारच्या बोखुम, व्हिटन आणि हागेन येथेही खोली शोधता येते, आणि लांब राहिल्यामुळे प्रवासखर्च एका सेंटनेही वाढत नाही. हिवाळी सत्राचे तिकीट १ ऑक्टोबरपासून लागू होते, तर इथले वर्ग साधारण दुसऱ्या आठवड्यात सुरू होतात. त्यामुळे खोल्या पाहणे, पत्त्याची नोंदणी करणे, बँकेत जाणे ही सारी धावपळ सुट्या तिकिटांशिवाय पार पडते.

डॉर्टमुंडमध्ये तर ही सोय थेट वर्गापर्यंत पोहोचते. एस-१ ही एस-बान गाडी विद्यापीठाच्या स्वतःच्या स्थानकावर थांबते आणि तिथून एच-बान, म्हणजे रुळाखाली लटकत धावणारी, १९८४ पासून चालू असलेली चालकविरहित गाडी, उत्तर आणि दक्षिण परिसर जोडते. तीही याच तिकिटात येते. शिवाय डॉर्टमुंड, बोखुम आणि डुइसबुर्ग-एसेन या तीन विद्यापीठांच्या सहकार्यामुळे इथल्या विद्यार्थ्याला दुसरीकडचे विषयही वेगळ्या शुल्काविना घेता येतात. आपल्याकडे नसलेला विषय बोखुममध्ये असेल, तर एस-१ ने बोखुम आणि पुढे यू-३५ या शहरी रेल्वेने थेट विद्यापीठ, असा सरळ मार्ग आहे. सत्राच्या सुरुवातीला विषय निवडताना ही शक्यता नवीन मुलांनी जरूर तपासावी, असे मी आग्रहाने सांगेन.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आयसीई, आयसी यांसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत हे तिकीट चालत नाही. म्युनिक ते बर्लिन हा आयसीईने सुमारे चार तासांचा प्रवास प्रादेशिक गाड्या बदलत करायचा, तर जवळजवळ पूर्ण दिवस जातो. गाड्यांचा उशीर आणि आयत्या वेळी रद्द होणे हा इथल्या रोजच्या जीवनाचा भाग आहे. व्याख्यान वेळापत्रकातल्या तासानंतर पंधरा मिनिटांनी सुरू करण्याची विद्यापीठीय प्रथा थोडा दिलासा देते, परंतु परीक्षेच्या दिवशी एक गाडी आधीच पकडावी. तिकीट फोनवर असते, त्याचा स्क्रीनशॉट ग्राह्य धरला जात नाही आणि सोबत छायाचित्र असलेले ओळखपत्र लागते. वैध तिकीट दाखवता आले नाही तर ६० युरोंचा दंड होतो. तिकीट आपल्या नावाचे असल्यामुळे ते नंतर सादर केल्यास हा दंड सामान्यतः ७ युरोंवर येतो, पण त्यासाठी दंडाच्या कागदावर दिलेल्या मुदतीत अर्ज करावा लागतो.

सर्वांत मोठी अडचण उशिरा पोहोचणाऱ्यांची होते. व्हिसा लांबला, प्रवेशाची कागदपत्रे अपुरी राहिली, तर नावनोंदणी पूर्ण होईपर्यंत तिकीट मिळत नाही, आणि नेमकी त्याच आठवड्यांत सर्वाधिक ये-जा असते. अशा विद्यार्थ्याने रोजची सुटी तिकिटे काढत बसू नये. सर्वसाधारण डॉइचलांड-तिकीट, जे जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंचे झाले आहे, एका महिन्यासाठी घ्यावे. मात्र ते दरमहा आपोआप पुढे चालू राहणारे असते, म्हणून त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत ते रद्द करायला विसरू नये.