ब्रिटनहून आणलेली १९७३ ची एमजीबी रोडस्टर: काही महिने चालवल्यानंतर

गाडी उतरवून घेतली त्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुकच झालं असतं. आता बऱ्यापैकी चालवून झाली, हातही काळे करून झाले, तेव्हा जरा डोकं ठिकाणावर ठेवून लिहिता येईल.

आधी, एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कारच का? दुर्मीळ नाही म्हणून. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून जीटी (कायमच्या छपराची आवृत्ती) धरून पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. त्यामुळे सुटा भाग मिळत नाही असं सहसा होत नाही. मूळ साच्यांवर अख्खी बॉडीशेलसुद्धा १९८८ पासून पुन्हा बनते आहे. दुसऱ्या देशातून पन्नास वर्षांची गाडी आणायची आणि मग एका खिडकीच्या रबरासाठी वर्षभर वणवण करायची, ही हौस मला नाही. वर्ष १९७३ निवडलं ते क्रोम बंपरसाठी. १९७४ च्या उत्तरार्धात अमेरिकी नियमांपायी काळे रबरी बंपर आले, गाडीची उंचीही वाढवली आणि वळणावरची पकड बिघडली. नंतरच्या गाड्या स्वस्त मिळतात त्या काही उगाच नाही.

इंजिनाबद्दल विक्रेते भरभरून बोलतात. ते ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं. १७९८ सीसीचं हे बी-सिरीज इंजिन ओतीव लोखंडाचं, दणकट आणि कुठल्याही जुन्या मेकॅनिकला कळणारं आहे. ते उघडून पुन्हा बांधणं हे ठरावीक खर्चाचं काम. खरा पैसा खातो तो गंज. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते, आणि रोडस्टरला छप्परही नसल्यामुळे दारांखालच्या सिलवर सगळी मदार. सिल कुजली की गाडी मधोमध वाकायला लागते. माझ्यासाठी तिथल्या एका स्वतंत्र तपासनिसाने गाडी रॅम्पवर घेतली, पुढच्या विंगची (मडगार्डची) खालची कड सिलला जिथे मिळते तो सांधा टॉर्च मारून पाहिला आणि त्याचा जवळून फोटो पाठवला. सांध्याची रेघ स्पष्ट दिसायला हवी. ती पुट्टीखाली गायब झाली असेल किंवा सिलवर चकचकीत स्टीलची पट्टी चढवली असेल, तर वरून कीर्तन आतून तमाशा समजावं. मग त्याने गाडी जॅकवर उचलून दार उघडून-मिटून दाखवलं. दाराची फट आवळली नाही, दार अडकलं नाही. त्या व्हिडिओवर मी होकार दिला. रंगाचे फोटो शंभर आले असते तरी दिला नसता. तपासनिसाची फी वाचवून फोटोंवर भरवसा ठेवणं म्हणजे पाण्यात म्हैस, बाहेर मोल.

ब्रिटनची एक सोय मात्र मानली पाहिजे. गाडीच्या नंबरवरून जुन्या एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याच्या वार्षिक तपासण्यांच्या नोंदी ऑनलाइन फुकट दिसतात. कोणत्या वर्षी किती मैल, कुठे गंजाचा शेरा, कशात नापास, सगळं. चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून ही तपासणी सक्तीची नाही, त्यामुळे अलीकडच्या नोंदी नसतील तर संशय घेण्याचं कारण नाही. पण आधीच्या नोंदीत गंजाचा शेरा असेल, तर त्या जागी पुढे काय काम झालं याची पावती मागावी.

कागदपत्रांत लोक व्ही५सी या नोंदणीपत्रावर विसंबतात. ते मालकीचा पुरावा नाही असं त्याच्यावरच छापलेलं असतं. त्यात फक्त नोंदणीकृत धारकाचं नाव असतं. म्हणून चासी क्रमांक घातलेलं सहीचं विक्रीपत्र वेगळं घ्यावंच. चासी क्रमांकही वाचायला शिकावं: जीएचएन५ म्हणजे रोडस्टर, जीएचडी५ म्हणजे जीटी. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. गाडी कोणत्या तारखेला बनली, मूळ रंग, मूळ इंजिन क्रमांक, कोणत्या देशासाठी बनली, हे त्यात येतं. माझ्या गाडीचा रंग नंतर बदललेला आहे, इंजिन मूळचंच आहे. सौदा करताना दोन्हीचा उपयोग झाला.

जहाजाचे दोन मार्ग. रो-रोमध्ये बंदरातला माणूस गाडी चालवत जहाजात नेतो, स्वस्त पडतं. पण चोक कधी ओढायचा, किती वेळाने सोडायचा हे ज्या गाडीला विचारावं लागतं ती अनोळखी माणसाच्या हाती द्यायची माझी तयारी नव्हती. कंटेनर घेतला. वीस फुटी कंटेनरची आतली रुंदी सुमारे २.३५ मीटर, एमजीबीची १.५२. ऐसपैस बसते. पेट्रोल अगदी तळाला ठेवायचं, बॅटरी सोडवायची आणि तारेची चाकं असतील तर पट्टे आऱ्यांतून ओवायचे नाहीत हे लेखी सांगायचं. गोदामापर्यंत गाडी नेणाऱ्या वाहतूकदाराकडे मात्र डिकीतला तांब्याचा हातोडा गहाळ झाला. चाकाचा मधला नट सोडवायला तोच लागतो. पत्रव्यवहार करून हाती काही लागलं नाही. सुट्या वस्तू वेगळ्या खोक्यात, यादी करून पाठवाव्यात.

विम्यात कंजुषी नको. सागरी मालविम्यात सर्वांत व्यापक कलम ‘ए’, सर्वांत तोकडं ‘सी’. भाव विचारताना कोणत्या कलमाचा, हे आधी विचारावं. २०२२ मध्ये अझोर्सजवळ फेलिसिटी एस हे जहाज पेटलं आणि हजारो गाड्यांसह बुडालं. पण आपला माल सुखरूप असूनही भुर्दंड बसू शकतो, हे फार जणांना माहीत नसतं. २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात अडकलं तेव्हा मालकाने ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर केलं, म्हणजे सुटकेच्या खर्चाचा वाटा सगळ्या मालधन्यांवर आला. हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही. विमा असेल तर ती हमी कंपनी देते, नसेल तर तुम्ही शोधा.

कस्टम्सबद्दल थोडक्यात, कारण देशागणिक नियम निराळे. अमेरिकेत गाडी किमान पंचवीस वर्षं जुनी असण्याची अट, युरोपीय संघात तीस वर्षांवरची, उत्पादन बंद झालेली आणि मूळ रूपातली गाडी संग्राह्य वस्तू म्हणून ९७०५ या शीर्षकाखाली जाऊ शकते. बऱ्याच ठिकाणी कर नुसत्या किमतीवर लागत नाही. किंमत, भाडं, विमा या सगळ्याच्या बेरजेवर लागतो. आपल्या देशाचा नियम पैसे पाठवण्याआधी लेखी घ्यावा. बंदरातले मोफत दिवस संपले की रोजचं भाडं सुरू होतं, आणि घोडं अडतं ते नेहमी एखाद्या कागदावर.

आता चालवण्याचं. सकाळी किल्ली फिरवली की मागून पेट्रोल पंपाची टिकटिक येते, ती मंदावली की स्टार्टर मारायचा. स्टिअरिंग पार्किंगमध्ये जड, वेगात हलकं. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरवर लागतो आणि मोठ्या रस्त्यावर गाडीचा स्वभावच बदलतो. ओव्हरड्राइव्ह नसलेली घेऊ नका. ब्रेक पुढे डिस्क, मागे ड्रम. नीट लावलेले असतील तर पुरतात, पण समोरच्या आधुनिक गाडीपासून अंतर जास्त ठेवावं लागतं. छत उघडं असेल तर गप्पा विसरा.

कटकटी म्हणाल तर पहिली वायरिंगची. बिघाड म्हणावा असं काही नव्हतं, अर्थिंगचे सांधे तेवढे हिरवे पडले होते. एकेक सोडवून घासून लावल्यावर दिवे सरळ झाले. फ्यूजबॉक्समध्ये मोजून चार फ्यूज, त्यामुळे एक गेला की तीन-चार गोष्टी एकदम बंद होतात. दुसरी पेट्रोलची. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना मऊ करतं. वास यायची वाट न पाहता सगळ्या नळ्या बदलल्या. टायरची नक्षी भरपूर होती, पण बाजूवरचे चार आकडे, म्हणजे आठवडा आणि वर्ष, पाहून तेही काढले.

पाने आधी घ्या. अर्ध्या इंची नटला तेरा मिलिमीटरचा पाना लागल्यासारखा वाटतो, दोनदा फिरतो आणि तिसऱ्यांदा नटचे कोपरे गोल करतो. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनच्या निपलांना वेळच्या वेळी ग्रीस मारलं नाही तर स्टिअरिंग जड होत जातं. हे बाहेरच्या गॅरेजमध्ये हमखास राहून जातं, म्हणून मी स्वतः करतो. कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमधलं तेल पाहायलाही दोन मिनिटं पुरतात.

सुटे भाग दोन-चार दिवसांत पार्सलने निघतात, पण दर पार्सलला कर आणि हाताळणी वेगळी, म्हणून यादी साठवून एकदम मागवतो. सध्या यादीत मागचे लीव्हर डॅम्पर (धक्के शोषणारे) आहेत. डावा तेल गाळतोय. कुणी दुरुस्त केलेले वापरत असेल तर किती टिकले ते कळवा, नवे घ्यावेत की तेच, हे अजून ठरत नाहीये.