बारमाही सर्दीसाठी अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं (बेळगाव) - माझा अनुभव

आमच्या खानापूर भागात पावसाळा लागला की वाकळ धड वाळतच नाही, आणि तसल्या दमट वाकळेत, गादीत वाढणारे डस्ट माइट (धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे) हेच माझ्या शिंकांचं मूळ निघालं. उन्हाळ्यातपण सुट्टी नाही. लिव्होसेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी आणि नाकातला स्प्रे चालू असेपर्यंत बरं, बंद केलं की पहाटे नाक गच्च. शेवटी बेळगावात एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे इम्युनोथेरपी, म्हणजे हीच अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं, चालू केली, आता महिन्याच्या डोसवर आलोय म्हणून लिहितोय.

आधी टेस्ट. हातावर पेनानं खुणा करून प्रत्येक खुणेपाशी माइट, झुरळ अशा एकेका गोष्टीच्या अर्काचा थेंब ठेवतात आणि तिथंच बारीक टोचतात, पंधरा-वीस मिनिटांत माइटच्या जागेवर डास चावल्यासारखी टप्पोरी गांध उठली, झुरळाच्या जागेवर काहीच नाही. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या काही दिवस आधी बंद ठेवायला लागतात नाहीतर गांधच उठत नाही, हे त्यांनी फोनवरच सांगितलं म्हणून फेरी फुकट गेली नाही. याआधी एका लॅबनं रक्ताचं मोठं पॅकेज करून वांगं, शेंगदाणे सगळं बंद करायची यादी हातात दिली होती, आणि ते खाऊन मला आजवर काही झालेलं नाही! या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की रिपोर्ट आणि त्रास जुळला तरच ती अ‍ॅलर्जी. तिथंच माझा विश्वास बसला.

इंजेक्शन दंडावर, कातडीच्या खाली. सुरुवातीला दर आठवड्याला डोस वाढवत नेतात, मग महिन्याला एक, असं ३ ते ५ वर्षं. ज्याची अ‍ॅलर्जी तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायची, ही पद्धत १९११ पासूनची आहे, कुणी नवीन फॅड म्हटलं तर ऐकू नका. टोचल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवतात, क्वचित कुणाला जोराची रिअ‍ॅक्शन येऊ शकते म्हणून ती आवरणारं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन जवळच ठेवलेलं असतं. बस चुकते म्हटलं तरी सिस्टर सोडत नाहीत आणि ते मला फार आवडलं, खरंच. दर वेळी दमा, ताप, बीपीच्या गोळ्या विचारतात. जिथं टोचून लगेच घरी पाठवतात तिथं जाऊच नका.

फरक लगेच दिसत नाही, पहिले काही महिने मला काहीच वाटलं नाही. आता गोळी क्वचित लागते, स्प्रे फक्त पावसाळ्यात. पहाटे उठून मोकळा श्वास घेता येतो हो, ज्याला हा त्रास आहे त्यालाच याची किंमत कळेल.

खर्च बराच आहे आणि माझ्या विम्यात बसला नाही, तेव्हा पूर्ण कोर्सचा आकडा आधीच विचारून घ्या. बसायला जागा कमी, शनिवारी तर उभंच राहायला लागतं. दर आठवड्याला येणं जमत नसेल तर जिभेखाली ठेवायचे थेंब मिळतात का तेपण विचारा, पण ते घरी नेमानं घ्यायला लागतात. मधल्या वारी सकाळी लवकर गेलात तर अर्धा तास बसूनसुद्धा दुपारच्या आत खानापूरला परत येता.