बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ, का आधी डिग्री आणि मग तीन वर्षांचं? मराठवाड्यातल्या पोरापोरींसाठी

पहिले वर्षांचा हिशोब उरकून टाकू, कारण सगळे तिथंच अडकायलेत. बारावी झाली की लगेच बीए एलएलबी, म्हणजे कुठं गाडी न अडकता गेलं तर तेविसाव्या वर्षी डिग्री. नाहीतर आधी बीए, बीकॉम, बीएस्सी काय असेल ते तीन वर्षं आणि मग तीन वर्षांचं एलएलबी, म्हणजे चोविसाव्या वर्षी. (आता कॉलेजवाले चार वर्षांच्या ऑनर्सचं सांगतात, पण एलएलबीला तीन वर्षांची डिग्री चालते.) फरक एका वर्षाचा. ह्या एका वर्षावरनं घरात जे वाद होतात ते बघितले की वाटतं, अरे विचारायचं दुसरंच राहून जायलंय. पोरगं कुठल्या कोर्टात उभं राहणार आणि सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्यावर पहिली दोन-चार वर्षं त्याच्या खिशात पैसे कोण टाकणार, हे दोन प्रश्न सुटले की तीन का पाच ते आपोआप सुटतं.

सनद दोघांची एकच, बरं का. अॅडव्होकेट्स अॅक्ट १९६१ खाली नाव लागलं की कुणी विचारत नाही तू तीनवाला का पाचवाला. ऑल इंडिया बारची परीक्षा दोघांना, पोशाख दोघांना. पाच वर्षांवाल्याला जास्त मान असतो हे कोर्टात कुणी मानत नाही, ते फक्त लग्नाच्या बायोडाटात.

आता पाच वर्षांतसुद्धा दोन वाटा आहेत आणि लोक त्या एकात कालवतात. एक म्हणजे संभाजीनगरला कांचनवाडीत असलेलं महाराष्ट्र नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी, २०१७ ला सुरू झालेलं, तिथं क्लॅटनं जावं लागतं. दुसरी वाट म्हणजे आपली नेहमीची कॉलेजं, संभाजीनगरचं माणिकचंद पहाडे, लातूरचं दयानंद, नांदेडचं नारायणराव चव्हाण, परभणीचं शिवाजी लॉ, इथं महाराष्ट्राची लॉ सीईटी. क्लॅट पूर्ण इंग्रजीत, मोठमोठे उतारे वाचून उत्तरं, चुकलं की पाव मार्क कापला. आपल्या सीईटीत निगेटिव्ह नाही, प्रश्न मराठीत पण येतात. आणि क्लॅट हल्ली डिसेंबरमधे होते, म्हणजे बारावीच्या बोर्डाच्याही आधी, फॉर्म तर त्याच्याही आधी. निकालाच्या दिवशी ज्याला लॉ आठवतं त्याची त्या वर्षाची क्लॅट केव्हाच गेलेली असते, आणि बहुतेक वेळा सीईटीचा फॉर्मसुद्धा. लातूरला दोन वर्षं नीटच्या क्लासला घातलेली पोरं जूनमधे ‘आता लॉ बघू’ म्हणून येतात तेव्हा त्यांना हेच सांगावं लागतं. अशांना डिग्री करून तीन वर्षांचं एलएलबी ही वाट उघडी राहते, तिसऱ्या वर्षात असताना त्याच्या सीईटीचा फॉर्म भरता येतो.

नॅशनल लॉचा खर्च फी, होस्टेल, मेस धरून लाखांच्या भाषेत जातो. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी जागा राखीव आहेत हे खरं, पण पोरगं कॉर्पोरेट, मुंबई-दिल्लीच्या फर्म, नाहीतर हाय कोर्टाकडं बघत असेल तरच त्या खर्चाला अर्थ आहे. गावाकडं येऊन तालुक्याला दिवाणी दावे चालवायचे असतील तर एवढा पैसा कशाला, त्यात तालुक्याच्या गावी ऑफिस आणि पुस्तकं होतात.

बरं, शिकवतात काय? पाच वर्षांच्या कोर्सात सुरुवातीची दोन वर्षं राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इंग्रजी असलं बरंच असतं, कायद्याचा खरा मारा पुढं. तीन वर्षांच्या कोर्सात पहिल्या सेमिस्टरपासनं करार, घटना, फौजदारी, कुटुंब कायदा एकदम अंगावर येतं. त्यात कॅपचे, म्हणजे सरकारी अॅडमिशनचे, राउंड लांबत जातात, पहिलं सेमिस्टर आक्रसतं, आणि पोरगं गाईडवर पास होऊन मोकळं. इंटर्नशिप बार कौन्सिलच्या नियमात तीन वर्षांच्याला १२ आठवडे आणि पाच वर्षांच्याला २० आठवडे आहे. कागदावर. कितीतरी ठिकाणी ओळखीच्या वकिलाकडनं सही-शिक्का आणून डायरी भरतात. तुम्ही तसं करू नका एवढंच म्हणतो, कारण ते आठवडेच कामाला येतात.

काय कामाला येतं ते सांगतो. मागं एक पाच वर्षांवाली पोरगी माझ्याकडं ज्युनिअर वकील म्हणून बसायची, हुशार, घटनेवर बोलायला लागली की ऐकत राहावं. तिच्यापुढं जमिनीची एक फाईल ठेवली, सातबारावर इतर हक्कात कुळाचं नाव, सोबत जमिनीच्या जुन्या नोंदी, म्हणजे १९५४ चं खासरा पत्रक, सेतवारची नक्कल आणि निजामाच्या काळातला एक उर्दू कागद. तिनं सरळ मुंबईचा १९४८ चा कूळ कायदा काढला. आपल्याकडं तो लागतच नाही, मराठवाड्याला हैदराबादचा १९५० चा कूळवहिवाट कायदा आहे, त्यातलं संरक्षित कूळ, कलम ३८ ई खालचं मालकीचं प्रमाणपत्र, ही भानगडच वेगळी. वर इनाम जमीन असली तर १९५४ चा हैदराबाद इनाम रद्द करण्याचा कायदा. पुण्या-मुंबईत छापलेल्या नोट्समधे ह्याला अर्धं पान मिळत नाही आणि आमच्या कोर्टात निम्मी भांडणं शेताच्या बांधावरची. तिनं दोन महिन्यांत ते सगळं पचवलं ही गोष्ट वेगळी. तीन वर्षांवाला आला असता तरी त्याला हे येत नव्हतंच, पण त्याचं घर शेतीचं असलं तर फेरफार, वाटणीपत्र, मोजणी हे शब्द तरी कानावरनं गेलेले असतात. सांगायचं हे की कोर्स कुठलाही घ्या, दुसऱ्या वर्षापासनं सुट्टीत तालुक्याच्या कोर्टात जाऊन बसा. पुकारा कसा होतो, मुदतीचा अर्ज कसा देतात, रोजनामा कसा वाचायचा, नक्कल विभागात अर्ज टाकून नक्कल केव्हा हातात येते, हे कुठल्याच सिलॅबसमधे नाही.

भाषेचं बोलू, कारण आपल्याकडची पोरं इथंच घाबरतात. खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, सरतपास-उलटतपास मराठीत होतो, दावा मराठीत लिहिता येतो. हाय कोर्टात मात्र इंग्रजी, ते घटनेच्या कलम ३४८ मधेच आहे. संभाजीनगरच्या खंडपीठाखाली मराठवाड्याचे आठही जिल्हे आणि वर अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार येतात, म्हणजे काम भरपूर आहे, भूसंपादनाची अपिलं, सरकारी नोकरीतल्या वादाची प्रकरणं, जात पडताळणीच्या रिट, पण सगळं इंग्रजीत. झेडपीच्या शाळेतनं आलेल्या पोराला बारावीनंतर लगेच नॅशनल लॉमधे टाकलं तर पहिलं वर्ष तो नुसतं भाषेशी झुंजतो, काही जण त्यातनं तावून सुलाखून निघतात, काही जण मागं पडतात. तोच पोरगा आधी तीन वर्षं डिग्री करताना इंग्रजी पेपर, इंग्रजी निकाल वाचायची सवय लावून घेईल तर एलएलबीला आल्यावर त्याचा जीव कमी जातो. आपल्या भागातल्या बऱ्याच कॉलेजात पेपर मराठीतनं लिहिता येतो, अॅडमिशनच्या आधी तेवढं विचारून घ्या.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात वजनदार वाटणारी गोष्ट आता सांगतो. पाच वर्षांच्या कोर्सातनं मधेच बाहेर पडायची सोय बार कौन्सिलच्या नियमात नाही. तिसऱ्या वर्षाला घरी काही झालं, बाप आजारी पडला, दोन सालं सोयाबीन हातची गेली, आणि कॉलेज सोडावं लागलं, तर तुमच्याकडं बारावीच उरते. एमपीएससीचा फॉर्म भरायला ग्रॅज्युएशन लागतं, ते नाही. डिग्री आणि मग एलएलबी केलं तर मधे एक पायरी आहे, तिथं थांबता येतं, दोन वर्षं नोकरी करून परत येता येतं. ज्याच्या घरचं उत्पन्न पावसावर आहे त्याच्यासाठी ही पायरी एका वर्षापेक्षा लय मोलाची आहे, असं माझं स्पष्ट मत.

आणि पहिली डिग्री वाया जात नाही. बीकॉम करून एलएलबी केलेला जीएसटी, इन्कम टॅक्सची कामं पहिल्याच वर्षी घेऊ शकतो, मोंढ्यातले आडते त्याला शोधत येतात. बीएस्सी, इंजिनिअरिंग झालेल्याला पेटंट एजंटची परीक्षा देता येते, बीए एलएलबीवाल्याला ती वाट बंद, कारण तिला सायन्स किंवा टेक्नॉलॉजीची डिग्रीच लागते. नुसतं बीए करायचं आणि मग एलएलबी, असं असेल आणि मधल्या पायरीची गरज नसेल तर मात्र पाच वर्षांचंच बरं, एक वर्ष वाचतं आणि विषय बहुतेक तेच.

जज्ज व्हायचंय म्हणून पाच वर्षांचं घेणारे खूप. त्यांचा हिशोब २० मे २०२५ ला बदलला, सुप्रीम कोर्टानं खालच्या न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. आधी महाराष्ट्रात चांगले मार्क असलेला फ्रेशर बसू शकायचा, तेव्हा लवकर डिग्रीचा फायदा होता. आता पाचवाला सव्विसाव्या वर्षी, तीनवाला सत्ताविसाव्या वर्षी, आणि दोघांनाही ती तीन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढायचीच आहेत. त्या काळात मिळतं काय? बार कौन्सिलनं ऑक्टोबर २०२४ मधे ज्युनिअरला शहरात २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत अशी सूचना काढली. सूचनाच ती. जिल्ह्याच्या गावात ज्युनिअरला पेट्रोलचे आणि चहाचे सुटले तरी सीनिअर दिलदार म्हणायचा. म्हणून म्हणालो, पहिली दोन-चार वर्षं घर कोण चालवणार ते आधी बघा.

एक गोष्ट मात्र स्वस्त झाली. सनदेच्या वेळी हजारो रुपये घ्यायचे, ३० जुलै २०२४ च्या निकालानं राज्य बार कौन्सिलला ओपनकडनं ७५० आणि एससी-एसटीकडनं १२५ रुपयांपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येत नाही.

नोकरी करत एलएलबी करणारे आमच्याकडं पुष्कळ, मास्तर, तलाठी, पोलिस. त्यांना अर्थात तीन वर्षांचंच. पत्रव्यवहारानं लॉ होत नाही, कुणी एजंट ‘नुसतं परीक्षेला या’ म्हणत असेल तर हजेरीचा नियम ७० टक्क्यांचा आहे हे ध्यानात ठेवा, आज चालून गेलं तरी पुढं कुणी बोट दाखवलं तर डिग्री अडचणीत. पगारी नोकरीत असताना सनद वापरता येत नाही हे पण कित्येकांना शेवटच्या वर्षी कळतं. आणि मुक्त विद्यापीठातनं डिग्री घेतलेल्यांसाठी: आधी दहावी-बारावी रीतसर झालेली असेल तर अडचण नाही, पण बारावी न करता थेट डिग्रीला बसलेला असाल तर लॉला अॅडमिशन मिळत नाही. हे आधी बघा, सीईटीत नंबर लागल्यावर रडण्यात अर्थ नाही.

२०२४ च्या आधीची जुनी पुस्तकं दादानं, ताईनं दिली म्हणून त्याच्यावर फौजदारी कायद्याचा अभ्यास करू नका, कुठल्याही कोर्सला असाल तरी. १ जुलै २०२४ पासनं आयपीसीच्या ५११ कलमांच्या जागी न्याय संहितेची ३५८ आलीत, खून ३०२ होता तो १०३ झाला. पोटगीचं १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे. जुने खटले जुन्या कलमांखाली चालूच आहेत, म्हणून वकिलाला दोन्ही पाठ लागतात, पण परीक्षेला नवं.

मुलींचं वेगळं सांगतो. आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना २०२४-२५ पासनं प्रोफेशनल कोर्सला ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, कॅपमधनं अॅडमिशन घेतलं तर. मग बाप म्हणतो फी नाही तर पाच वर्षांचं घाल. माझं म्हणणं, ज्या घरात वीस-एकविसाव्या वर्षी स्थळं बघायला सुरुवात होते तिथं पोरीच्या हातात एकविसाव्या वर्षी एक पूर्ण डिग्री असलेली बरी. आणि जिथं घरचे पाठीशी खंबीर आहेत तिथं उलटं, पाच वर्षांचंच घ्या, कारण एकदा डिग्री झाली की ‘आता पुढचं सासरी’ म्हणणारे नातेवाईक तयारच असतात, पाच वर्षांच्या कोर्सात त्यांना ती फटच मिळत नाही.

काहीही ठरवलं तरी कागदं आत्तापासनं काढा. जात वैधता, नॉन-क्रिमिलेयर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल. सेतू केंद्रावर जूनमधे ही गर्दी असते आणि वैधतेला तर कधी कधी महिनोन्‌महिने जातात, दरवर्षी कुणीतरी चांगल्या मार्कांचं लेकरू वैधता आली नाही म्हणून ओपनमधे जातं, आणि मग स्कॉलरशिपचा महाडीबीटीचा फॉर्मही त्याला धड भरता येत नाही.