फ्रेंच, पोर्तुगीज, इंग्रजी: गोव्यातल्या हायस्कूलच्या मुलांचे भाषावर्ग

हायस्कूलमधला फ्रेंचचा तास धरा ४० मिनिटांचा आणि वर्गात मुलेही साधारण तितकीच. हजेरी, वह्या, फळा यांत पाच-सात मिनिटे गेली की एकेका मुलाला बोलायला मिनिटभरही मिळत नाही. आठवड्याला असे दोन तास आणि वर्षाचे ३५ आठवडे धरले, तर जेमतेम ४७ तास भरतात. युरोपीय पातळ्यांतली अगदी पहिली, म्हणजे ए१, गाठायला साधारण ८० ते १०० तास लागतात. शाळेत कितीही चांगले शिकवले तरी ए१ला दोन वर्षे जाणारच. म्हणून 'तीन महिन्यांत फाडफाड फ्रेंच' असा फलक लावलेल्या शिकवणीकडे पालकांनी फिरकू नये.

गोव्यातल्या बऱ्याच हायस्कुलांत कोकणी, मराठी, संस्कृतच्या जोडीला फ्रेंच किंवा पोर्तुगीज घेता येते. गुण मिळवायला हे विषय चांगले आहेत. क्रियापदांचे तक्ते पाठ होतात, शब्दसंपत्ती बरी जमते. कान मात्र कच्चा राहतो, कारण सगळा भर लेखीवर असतो. ही उणीव भरून काढायची तर बाहेरचा वर्ग लागतो, आणि खरी पारख तिथेच करायची असते.

फ्रेंचसाठी पणजीत आलियाँस फ्राँसेझ आहे, शिवाय खासगी शिकवण्या गावोगाव निघाल्या आहेत. वर्ग कुठलाही असो, तो शाळकरी मुलांसाठीच्या देल्फ परीक्षेची तयारी कशी करून घेतो ते पाहावे. परीक्षा १०० गुणांची असते. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे या चार भागांना प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण व्हायला एकूण ५० लागतात, पण एका जरी भागात ५ पेक्षा कमी पडले तरी मूल नापास होते. एकदा मिळालेले प्रमाणपत्र कायम चालते, त्याला मुदत नसते.

ऐकण्याच्या भागात मुले आकड्यांवर अडखळतात. फ्रेंचमध्ये दूरध्वनी क्रमांक दोन-दोन आकड्यांच्या जोडीने सांगतात, आणि ७६ म्हणजे 'स्वासाँत-सेझ', साठ आणि सोळा. 'स्वासाँत' ऐकले की मूल ६० लिहून मोकळे होते, मागून 'सेझ' आले की १६ लिहिते, आणि पुढचा सगळा क्रमांक घसरतो. यावर उपाय एकच: पहिला शब्द ऐकला तरी पेन्सिल वर ठेवायची, जोडी पूर्ण झाल्यावर लिहायचे. एकोणऐंशी-एकोणनव्वद म्हणायची सवय असलेल्या मराठी मुलाला आकड्यांचा असा हिशेब परका नाही, सराव मात्र रोज हवा. आठवड्याला दहा क्रमांकांचे श्रुतलेखनही न घेणाऱ्या वर्गाला तयारीचा वर्ग म्हणता येणार नाही.

ए१च्या बोलण्याच्या भागात दुसरीच चूक होते. 'माझे नाव अमुक, मी म्हापशाला राहतो' एवढे पाठ करून मूल आत जाते. तो भाग मिनिटभरात संपतो. पुढे त्याच्या हातात 'सुट्टी?', 'खेळ?' अशा एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या येतात आणि त्यांवरून परीक्षकाला प्रश्न त्याने विचारायचे असतात. त्यानंतर चित्रे आणि नाणी घेऊन दुकानातले संभाषण. प्रश्न विचारायची सवयच नसल्याने मुले इथे गप्प होतात. ए१च्या लेखनात अर्ज भरायला १० गुण आणि किमान ४० शब्दांच्या संदेशाला १५. पस्तीस शब्दांवर थांबून गुण घालवणे फार सोपे आहे. वर्गात शब्द मोजून लिहायला लावतात का, ते विचारा.

पोर्तुगीजचा वर्ग गोव्यातल्या मुलासाठी जास्त फायद्याचा ठरू शकतो, आणि तो सर्वांत जास्त वाया जातो तोही इथेच. पणजीत कामोंइश संस्थेचे भाषा केंद्र आहे, फोंतेन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंत आहे, विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे. म्हणजे पुस्तके, शिक्षक, कार्यक्रम हाताशी आहेत. शिवाय अर्धा शब्दसंग्रह मुलाच्या घरातच असतो: पाव, साबण, चावी, बटाटा, बालदी, लिलाव, मेज, जनेल (खिडकी). पाव देणाऱ्या पोदेराचे नावसुद्धा 'पादेइरु' या शब्दातून आले आहे.

गफलत होते ती लिंगात. आपला बटाटा पुल्लिंगी, त्यांची 'बताता' स्त्रीलिंगी. आपली बालदी स्त्रीलिंगी, त्यांचा 'बाल्द' पुल्लिंगी. मेज आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे 'मेझा' स्त्रीलिंगी. चावी आणि साबण मात्र दोन्हीकडे सारखेच. म्हणून शब्द कधी सुटा पाठ करायचा नाही, आधी पुल्लिंगाचा 'उ' किंवा स्त्रीलिंगाचा 'आ' लावूनच वहीत लिहायचा. चांगल्या शिक्षकाच्या वर्गात पहिल्या आठवड्यापासून वहीत तसे दिसते. सुट्या शब्दांची यादी दिसली तर समजावे की विशेषणांपाशी आल्यावर सगळे पुन्हा शिकावे लागणार.

आणि इथेच या वर्गांबद्दलची मोठी तक्रार आहे. फ्रेंच काय, पोर्तुगीज काय, समजावले जाते ते इंग्रजीतून. पोर्तुगीजमध्ये 'धन्यवाद' पुरुष 'ओब्रिगादु' असे म्हणतो आणि बाई 'ओब्रिगादा', यांतला फरक इंग्रजीतून सांगायला पंधरा मिनिटे लागतात. 'मी आलो' आणि 'मी आले' एवढे म्हटले की मुलीला तो तिथल्या तिथे कळतो, कारण बोलणाऱ्याप्रमाणे शब्द बदलणे ती रोजच करते. पोर्तुगीज 'वोउ' म्हणजे नुसते 'जातो'. कर्ता गाळला तरी क्रियापदावरून कळतो, अगदी मराठीसारखे. तू-तुम्ही हा भेद इंग्रजीत नाही, फ्रेंचमध्ये आहे, पोर्तुगीजमध्ये आहे, आपल्याकडे तर आहेच. नाकातले स्वर कोकणी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडात आधीपासून असतात. मुलाकडची ही शिदोरी वापरणारा शिक्षक मिळाला, तर डिचोलीहून कदंब बस गाठून पणजीला जायचा त्रास सोसावा.

मोबाइलवरच्या ड्युओलिंगोबद्दल पालक हमखास विचारतात. रोज दहा मिनिटे शब्द घोटायला ते चांगले आहे. पण त्यातले पोर्तुगीज ब्राझीलचे आहे, आणि इथल्या वर्गांत व परीक्षांत लिस्बनचे चालते. दुधाला ब्राझीलमध्ये साधारण 'लेइची' म्हणतात, पोर्तुगालमध्ये 'लेइत्'. 'दिया' (दिवस) ब्राझीलमध्ये 'जिया' होतो. पोर्तुगालचे लोक बिनआघाताचे स्वर गिळतात आणि शब्दाच्या शेवटच्या 'स'चा बहुधा 'श' करतात, त्यामुळे ओळखीचा शब्दही कानाला परका वाटतो. पोर्तुगीजच्या ए२ पातळीच्या सिप्ले परीक्षेत ऐकण्याला ३० टक्के गुण आहेत, बोलण्याला २५, वाचन-लेखनाला मिळून ४५. पास व्हायला ५५ टक्के लागतात. ऐकण्यात मार बसला तर बाकीचे भाग सावरून घेतीलच असे नाही. म्हणून मोबाइलवर शब्द घोटा, पण कान पोर्तुगालच्या बातम्यांवर तयार करा.

इंग्रजीचे थोडक्यात. मराठी प्राथमिक शाळेतून पाचवीत इंग्रजी माध्यमात गेलेले मूल नववीपर्यंत वाचायला सरावते, बोलायला नाही. 'डिस्कस अबाउट', 'ही टोल्ड दॅट', 'मायसेल्फ अमुक' ही चुकीची वाक्ये व्याकरणाच्या शिकवणीतून जात नाहीत, कारण तिथे फक्त रिकाम्या जागा भरून घेतात. केंब्रिजची शाळकरी मुलांसाठीची बी१ प्रिलिमिनरी परीक्षा या बाबतीत जास्त उपयोगी पडते. वाचन ४५ मिनिटे, लेखन ४५, ऐकणे सुमारे अर्धा तास, आणि बोलण्याची परीक्षा सहसा दोघादोघांची, साधारण १२ मिनिटे. लेखनात ईमेलला उत्तर द्यायचे असते. त्यात चार टिपा दिलेल्या असतात आणि शंभरेक शब्दांत चारही यायला हव्यात. पाठ केलेला निबंध उतरवणारी मुले एखादी टीप हमखास विसरतात. उत्तर लिहून झाले की पेन्सिलीने चार खुणा करून पाहायची सवय लावणारा वर्ग निवडावा.

पैसे भरण्याआधी एक तास वर्गात बसू द्या म्हणावे. बारा मुलांची तुकडी आणि दीड तासाचा वर्ग असेल, तर घड्याळ लावून आपल्या मुलाच्या आसपासची दोन मुले किती मिनिटे बोलली ते मोजावे. जोड्या लावून बोलायला लावत असतील तर प्रत्येकाची पंधरा मिनिटे सहज भरतात. एकेकाला उभे करून विचारत असतील तर पाचही भरणार नाहीत. मुलाची वही मागून पाहायलाही संकोच करू नये.